नुसते ओठ हलव

तीन-चार महिने इथे काही लिहिणं झालं नाही. पुण्याच्या धाकट्या मेहुणीने तर "भाऊजी रुसले की काय?" असं हिला फोन करून विचारलं. रुसलो नव्हतो. आवाज गेला होता. आता आवाजाचा आणि लिहिण्याचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटायचं. पण बोलणं बंद झालं की लिहिणंही बंद होतं, असा माझा तरी अनुभव आहे. आम्हा मास्तर लोकांचं लिहिणं म्हणजे तरी काय, वर्गातलं बोलणंच कागदावर उतरवलेलं.

दिवाळीनंतर घसा बसला तो उठेचना. हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी नगरच्या डॉक्टरांनी घशात दुर्बीण घालून पाहिलं आणि ध्वनितंतूवर गाठ आहे, पुण्याला दाखवा, असं सांगितलं. पुण्याच्या डॉक्टरांनी विचारलं, "तंबाखू?" म्हटलं, नाही. "सिगारेट?" नाही. "काय करत होतात?" शिक्षक होतो, चौतीस वर्षं. "किती मुलं असायची वर्गात?" साठ, पासष्ट. डॉक्टर हसले. म्हणाले, "मग बरोबर आहे." पण गाठ काढल्यावर ती तपासणीला पाठवली तेव्हा मात्र ते हसले नाहीत आणि मीही हसलो नाही. रिपोर्ट यायला आठ दिवस होते. शिवाय दहा दिवस एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्याने जास्त ताण पडतो, अशी सक्त ताकीद होती.

मुक्काम लेकीकडे, पुण्यात. लेकीने कुठून तरी एक पाटी आणि पेन्सिल आणून दिली. मी ज्या पाट्यांवर हजारो मुलांची शुद्धलेखनं तपासली, तसलीच पाटी माझ्या मांडीवर. 'पाणी.' 'पंखा बंद.' 'पेपर आला का?' हिने दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझं एक वाक्य मधे न तुटता पूर्ण झालं." मी पाटीवर लिहिलं, 'अभिनंदन.'

या दिवसांत नातू सोबतीला बसायचा. तेवीस वर्षांचा आहे, कंपनीत कामाला आहे आणि गिटार वाजवतो. कशी वाजवतो ते मला कळत नाही, पण शेजारचे काही बोलत नाहीत, त्या अर्थी बरी वाजवत असावा. एके दुपारी तो म्हणाला, "आजोबा, तुम्ही मेहेरबाबांसारखं मौन धरलंय." मी मान हलवली. तो म्हणाला, "त्यांच्यावर इंग्लंडच्या एका मोठ्या रॉकवाल्याने आख्खी रेकॉर्ड काढलीय, माहीत आहे? तुम्ही रोज ज्या अरणगाववरून शाळेत जायचा, तिथे येऊनसुद्धा गेलाय तो."

मी पाटीवर लिहिलं, 'थापा.'

त्यावर त्याने माझ्या कानांवर ते मोठे हेडफोन चढवले.

ज्यांना आमचा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की आठ-नऊ किलोमीटरवर अरणगाव. तिथे रेल्वेलाईन लागते आणि एका बाजूला उघडीबोडकी टेकडी. त्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी, खाली त्यांचा जुना आश्रम. पहिल्या महायुद्धाच्या वेळी तिथे इंग्रजांची लष्करी छावणी होती, तिच्या उरल्यासुरल्या इमारतींत १९२३ साली बाबा आपल्या माणसांना घेऊन आले. मूळचे पुण्याचे इराणी, मेरवान शेरियार इराणी, जन्म २५ फेब्रुवारी १८९४. पुण्याच्या बाबाजान आणि आमच्याच जिल्ह्यातल्या साकोरीचे उपासनी महाराज यांना ते गुरू मानत. १० जुलै १९२५ ला त्यांनी इथेच मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत सोडलं नाही. चव्वेचाळीस वर्षं! आधी इंग्रजी अक्षरांची एक फळी होती, तिच्यावर बोट फिरवून ते बोलत. १९५४ साली तीही टाकली आणि नंतर नुसते हातवारे. माझी दहा दिवसांत ही गत, म्हणून आकडा सांगितला.

आता माझी कबुली. चौतीस वर्षांच्या नोकरीतली बहुतेक वर्षं मी नगरहून एस.टी.ने श्रीगोंद्याच्या वाटेवरच्या एका गावात शाळेला जात असे. म्हणजे रोज दोनदा ती टेकडी खिडकीतून दिसायची. एकदाही उतरलो नाही. आमचं घर वारकऱ्यांचं, वडील टाळकरी. स्वतःला अवतार म्हणवून घेणारे बाबा आणि त्यांच्यामागे पांढऱ्या पायजम्यातले गोरे लोक, हे मला परवडण्यासारखं नव्हतं. दर वर्षी जानेवारीच्या अखेरीला अमरतिथीला हजारो माणसं जमायची, एस.टी. तासभर अडकायची आणि मी हेडमास्तरांना उशिराचं कारण द्यायचो. एवढाच काय तो माझा बाबांशी संबंध.

बरं, हेडफोन. रेकॉर्डचं नाव 'हू केम फर्स्ट'. आधी कोण आलं, अंडं की कोंबडी, त्यातलं. वेष्टणावर एक लांब नाकाचा माणूस पांढऱ्या डगल्यात उभा आणि पायाखाली अंडीच अंडी! नातवाने फोनवर चित्र मोठं करून दाखवलं. हा पीट टाउनशेंड. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, जन्म १९४५ चा. लंडनच्या 'द हू' नावाच्या बँडचा गिटारवाला आणि बहुतेक गाणी लिहिणारा. रेकॉर्ड १९७२ ची.

मी माहिती विचारत गेलो (पाटीवर) आणि नातू सांगत गेला. पुढे घरी आल्यावर मीही बरंच वाचलं. हा माणूस आधी प्रसिद्ध होता तो रंगमंचावर गिटार फोडण्याबद्दल. १९६४ साली लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यात वाजवताना गिटारचं डोकं बुटक्या छताला लागून मोडलं, लोक हसले, तेव्हा याने चिडून उरलेली गिटारही फोडली आणि मग तोच त्याचा रिवाज झाला. हे ऐकून मी पाटीवर नुसतं '!!!' काढलं. आमच्याकडे दसऱ्याला पेटीला हळदकुंकू वाहतात. चुकून पाय लागला तर नमस्कार करतात. आणि हा माणूस म्हणे वाद्य फोडतो आणि लोक तिकीट काढून बघतात.

तर असा हा माणूस. १९६७ साली एका चित्रकार मित्राने त्याला मेहेरबाबांबद्दल सांगितलं. त्या काळी तिकडे पोरं एल.एस.डी.च्या गोळ्या खाऊन देव शोधत होती. गोळीतून देव मिळत नसतो, उलट शरीराचं आणि मनाचं वाटोळं होतं, असं बाबांनी अरणगाव-पिंपळगावात बसून तिकडच्या पोरांना कळवलं होतं. टाउनशेंडने त्या गोळ्या सोडल्या. (तो काही संत झाला असं नाही. पुढे १९८० च्या सुमाराला दारू आणि दुसऱ्या नशांच्या फेऱ्यात चांगलाच सापडला होता आणि त्यातून बाहेर पडला. हे त्यानेच सांगितलेलं आहे.) बाबांना तो कधी भेटला मात्र नाही. १९६९ च्या जानेवारीत बाबा गेले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात द हू ची 'टॉमी' ही गाजलेली रेकॉर्ड आली, तीत श्रेयनामावलीत मेहेरबाबांचं नाव आहे. ती गोष्ट एका आंधळ्या, मुक्या, बहिऱ्या मुलाची. १९७१ मधलं त्यांचं एक गाणं तर अजून जगभर वाजतं, त्याचं नाव 'बाबा ओरायली'. त्यातले बाबा म्हणजे आमचे अरणगावचे आणि ओरायली म्हणजे टेरी रायली नावाचे एक अमेरिकन संगीतकार. गाण्यात बाबांचं नाव कुठेही नाही, फक्त मथळ्यात.

आणि १९७२ साली तो खरोखरच समाधीच्या दर्शनाला नगरला येऊन गेला.

१९७२ म्हटल्यावर मी हेडफोन काढून ठेवले. आमच्या वयाच्या नगरी माणसाला हे साल नुसतं साल म्हणून ऐकता येत नाही. त्या वर्षी मी बावीस वर्षांचा, नुकताच मराठी घेऊन बी.ए. झालेला, आणि पाऊस पडला नाही. दुष्काळी कामावर मला हजेरी कारकून म्हणून घेतलं. सायकलवर मस्टर बांधून पाझर तलावाच्या कामावर जायचो. एकेका कामावर पाच-पाचशे माणसं. सातबाऱ्यावर वीस-वीस एकर जमीन असलेले शेतकरी बायकापोरांसह खडी फोडत होते. रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी, कामावर सुकडी. माझं काम नावं पुकारायचं. धुळीत उभं राहून पाचशे नावं सकाळी आणि पाचशे संध्याकाळी. डॉक्टरांना मी शाळेची वर्षं तेवढी सांगितली, खरं तर घसा तिथपासूनच झिजायला लागला असणार. त्या रस्त्याने गोरी माणसं जाताना दिसायची. त्यांत टाउनशेंड होता का? खोटं कशाला सांगू, मला काही आठवत नाही, आणि दिसला असता तरी मी ओळखणार कसा! पण त्याच वर्षाच्या शेवटी शेवटी, आम्ही इथे खडीचे ढीग मोजत असताना, लंडनमध्ये ही रेकॉर्ड निघाली. हे मला पुण्याच्या त्या पलंगावर, रिपोर्टची वाट बघत असताना पहिल्यांदा कळलं.

रेकॉर्डमध्ये नऊ गाणी आहेत. गाणी त्याने घरच्याच स्टुडिओत केली आणि बरीचशी वाद्यं स्वतःच वाजवली. त्याआधी बाबांच्या भक्तमंडळींपुरत्या दोन रेकॉर्डी थोड्या प्रती काढून झाल्या होत्या, एक १९७० ला, एक १९७२ ला, त्यांतलीच काही गाणी इथे घेतलेली. काही गाणी मित्रांनी म्हटलेली आहेत. मला सगळी आवडली असं म्हणणार नाही. माझं इंग्रजी बी.ए.च्या सक्तीच्या पेपरापुरतं. पहिलं गाणं एका निर्मळ सुराबद्दल आहे, असं नातवाने समजावलं, आणि ती कल्पना त्याला इनायत खाँ यांच्या सूफी पुस्तकांतून सुचली म्हणे. इनायत खाँ म्हणजे बडोद्याचे, मौलाबक्षांचे नातू! बघा, बडोद्याचा सूर लंडनला जाऊन नगरला परत आला.

एक गाणं मात्र ऐकताच ओळखीचं वाटलं. जिम रीव्ह्ज या अमेरिकन गायकाचं ते गाणं मेहेरबाबांना फार आवडायचं म्हणून टाउनशेंडने पुन्हा म्हटलंय. आमच्या शाळेत एक ख्रिस्ती शिक्षक होते, डिसेंबर लागला की स्टाफरूममध्ये जिम रीव्ह्ज गुणगुणायचे. नगर हे रेव्हरंड टिळकांचं गाव, अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं इथेच म्हटली गेली. तेव्हा कुठल्या देवाला कुठली चाल, याचं नगरकरांनी आश्चर्य करायचं कारण नाही. पण मौनी माणसाला गाण्याची एवढी हौस असावी याचं आश्चर्य मला वाटलं. त्यांच्या अंत्यदर्शनाच्या वेळीसुद्धा त्यांच्या आवडीचं एक इंग्रजी गाणं लावलं होतं म्हणतात. स्वतः एक शब्द न बोलणारा माणूस दुसऱ्यांचे आवाज ऐकत बसतो. माझा आयुष्यभर याच्या नेमका उलटा कारभार.

शेवटचं गाणं सुरू झालं आणि मी सरळ बसलो. 'परवरदिगार.' इंग्रजाच्या तोंडून फारसी शब्द, 'र' जरा वेगळे, पण स्पष्ट. मेहेरबाबांनी १९५३ साली डेहराडूनला एक प्रार्थना सांगितली होती. ती इंग्रजीत आहे, पण तीत परब्रह्म आहे, परमात्मा आहे, अल्ला आहे, पारशांचा अहुरमझ्द आहे. तीच याने गिटारवर बसवलीय. सात-एक मिनिटं चालते. परवरदिगार म्हणजे पालनपोषण करणारा. हा शब्द मी जुन्या सिनेमांत आणि कव्वालीत ऐकलेला. प्रार्थनेत तो असा साध्या चालीत, गिटारच्या संथ ठोक्यावर, कधी ऐकला नव्हता.

आणि आवाज? आवाज काही गोड नाही हो. जरा पातळ, वरच्या पट्टीत ताणला की चिरणारा. नातवाने मुद्दाम त्याचं अलीकडचं, २०१९ सालचं, चौऱ्याहत्तराव्या वर्षी म्हटलेलं एक गाणंही ऐकवलं. तो आवाज तर आता पार खरखरीत झालाय, चुलीवरचं पातेलं राखेने घासावं तसा. मी पाटीवर लिहिलं, 'याला गायला कोणी सांगितलं?'

नातू हसला. "बरोबर ओळखलंत, आजोबा. बँडमध्ये तो मुख्य गायक नव्हताच. गाणी हा लिहायचा आणि म्हणायचा रॉजर डाल्ट्री. त्याचा आवाज दणकट. ही रेकॉर्ड याची एकट्याची पहिली. प्रार्थना दुसऱ्याकडून कशी म्हणवणार?"

नातू सहज बोलून गेला आणि चहा टाकायला उठला. मी पाटी पुसली, पण काही लिहिलं नाही.

इथे मला जे सांगायचं आहे ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, हिलासुद्धा नाही. आता ती हे वाचेलच.

शाळेत पेटी माझ्याकडे होती. रोजची प्रार्थना, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, स्नेहसंमेलन, सगळं मीच बसवायचो. १९८६ साली तालुक्याला समूहगीतांची स्पर्धा होती. मी वीस मुलं निवडली. त्यात आठवीतला एक मुलगा होता. घरचं बेताचं, वडील दुसऱ्याच्या मळ्यात सालाने. मुलगा गाण्याला वेडा. मी पेटीवर बोट ठेवायच्या आत याचा हात वर. पण आवाज नुकताच फुटलेला. घोगरा, खालचा, आणि सुरात म्हणाल तर जवळपास, पण नेमका नाही. एकोणीस मुलांतून तो एक आवाज वेगळा ऐकू यायचा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तू मागच्या रांगेत उभा राहा आणि नुसते ओठ हलव."

रागावून म्हटलं नाही. प्रेमानेच म्हटलं, खांद्यावर हात ठेवून. काढून टाकलं नाही याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं होतं, माझं मलाच. तो "हो सर" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने इतके मन लावून ओठ हलवले की परीक्षकांपैकी एकाने मागच्या रांगेतल्या त्या मुलाचा चेहरा फार बोलका आहे, असं मुद्दाम सांगितलं. आमचा दुसरा नंबर आला. ढाल मिळाली. मी खूश.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलोही असतो. पण त्यानंतर रोजच्या प्रार्थनेलाही तो नुसते ओठ हलवायला लागला. मी समोर पेटीवर बसलेलो, मला दिसायचं. आठवी गेली, नववी, दहावी. मी एकदाही त्याला म्हटलं नाही की अरे, ते स्पर्धेपुरतं होतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटायचं. प्रार्थना स्वच्छ ऐकू यायची.

रिपोर्ट चांगला आला. गाठ साधी होती. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी "आ" म्हणायला सांगितलं. मी म्हटलं, आणि जो आवाज बाहेर आला तो ऐकून हिने खोलीत दुसरं कोणी आलं की काय म्हणून दाराकडे पाहिलं. घोगरा, खरखरीत, मधेच हवा निसटणारा. डॉक्टर म्हणाले, सुधारेल थोडा, पण पहिल्यासारखा नाही. व्यायाम दिलेत ते करतो. पेटीवर सा धरला तर आवाज त्याच्या आजूबाजूला फिरून येतो, बसत नाही.

नगरला परतल्यावर एका रविवारी नातू आला, त्याला म्हटलं, चल अरणगावला. पन्नास वर्षं खिडकीतून पाहिलेली टेकडी पायांनी चढलो. समाधी लहानशी आहे, वर घुमट, आत भिंतींवर एका स्विस चित्रकर्तीने १९३८ साली काढलेली चित्रं. आरतीची वेळ होती. आधी ठरलेल्या प्रार्थना झाल्या. नातू माझ्याकडे बघून हसला, कारण 'परवरदिगार' ती हीच. मग ज्याला जे वाटेल ते म्हणायचं, असा तिथला रिवाज दिसला. एका आंध्रच्या बाईंनी तेलुगू भजन म्हटलं. एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याने गिटार घेऊन काहीतरी म्हटलं, तो तर सरळसरळ बेसूर. माझ्या मास्तरी कानाने लगेच खूण केली, पट्टी सोडली म्हणून. पण कोणी वळून पाहिलं नाही, कोणी खोकलं नाही. बाहेर एक कुत्रं झोपलं होतं, तेही झोपूनच राहिलं.

भक्त वगैरे झालो नाही मी, गैरसमज नको. अवताराबिवताराचं माझं मत होतं तेच आहे. पण उतरताना मी नातवाला ती १९८६ ची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "फोन करा ना त्यांना."

माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून नंबर मिळाला. दोन दिवस टाळला, तिसऱ्या दिवशी लावला.

"कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं.

"कोण?"

पुन्हा सांगितलं, शाळेचं नाव सांगितलं.

"सरांचा आवाज असला नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला. हल्ली फसवणुकीचे फोन येतात, त्याचं तरी काय चुकलं! मग नातवाने लावून दिला व्हिडिओ. चेहरा दिसल्यावर मात्र, "आरं देवा, सर! काय झालं घशाला?" पन्नाशी उलटलेली, केस पांढरे, मागे लिंबाची झाडं. स्वतःची तीन एकर केलीय त्याने. घोगरा आवाज तसाच आहे, फक्त आता त्या अंगाला शोभतो.

घशाचं सांगून झालं. मग मी स्पर्धेचं काढलं. त्याला आठवत नसेल, अशी माझी लबाड आशा होती. तो लगेच म्हणाला, "आठवतंय की! दुसरा नंबर आला होता आपला."

'आपला' म्हणाला.

मी म्हटलं, "मी तुला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं."

"हां. मग बरोबरच होतं की सर. माझा आवाज म्हणजे..." तो हसला. "अजून सवयच आहे ती. सप्त्यात टाळ वाजवतो मी, म्हणत नाही. ओठ हलवतो. बायको म्हणते, पांडुरंगाला काय ऐकू येणार!"

मला काही बोलता येईना. त्याला वाटलं घसा दुखतोय. म्हणाला, "राहू द्या सर, बोलू नका जास्त. मीच येतो."

गेल्या रविवारी आला. पिशवीभर लिंबं, एवढी की ही अजून वाटत फिरतेय. हिने पोहे केले. मी माफी मागायची म्हणून दोन वाक्यं मनाशी जुळवून ठेवली होती, त्यातलं एक म्हटलं. त्याने मधेच तोडलं, "सर, पोहे गार होतील." मग बोलण्याला विषय राहिला नाही तेव्हा नातवाने त्याला हेडफोन दिले आणि 'परवरदिगार' लावलं. "काका, अरणगावच्या बाबांचं आहे. ऐकून बघा." तो शाळेत बसायचा तसाच हाताची घडी घालून, डोळे मिटून बसला. आम्हाला बाहेर काही ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा मान डोलायला लागली. मग ओठ हलायला लागले. आणि मग, तो शब्द दर वेळी परत येतो ना, तिथे तिसऱ्या की चौथ्या वेळी आवाज आला.

हेडफोन घातलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने गातोय ते कळत नाही. घोगरा, खालचा, सुराच्या जवळपास. "परवरदिगाऽऽर." स्वयंपाकघरातून ही लिंबू कापता कापता बाहेर येऊन उभी राहिली. नातू माझ्याकडे बघत होता, मी काय करतो ते. मी पेटीचं झाकण काढलं आणि त्याचा सा कुठे लागतोय ते शोधायला लागलो.